कुलूप उरलं, महंत गेले

महाराष्ट्रात मुक्त सॉफ्टवेअरचा पराभव मायक्रोसॉफ्टने केला नाही, चोरीच्या सीडीने केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांच्यासमोरचा माणूस सॉफ्टवेअरला पैसे मोजणारा, निदान पैसे मोजणाऱ्या संस्थेत काम करणारा होता. पैसेही द्यायचे आणि वर तो प्रोग्रॅम उघडून बघायची, दुरुस्त करायची, शेजाऱ्याला द्यायची मुभा नाही, हा दुहेरी जाच त्याला कळत होता. आपल्याकडे तो फारसा कोणाच्या वाट्याला आलाच नाही. संभाजीनगर जिल्ह्यातलं पिशोर असो, कन्नड असो की शहरातल्या औरंगपुऱ्यातलं दुकान, असेंबल केलेल्या पीसीवर विंडोज, ऑफिस, पेजमेकर, कोरलड्रॉ आणि फोटोशॉप भरून मिळायचं. दुकानदाराला विंडोजऐवजी लिनक्स घाल म्हटलं, ते मोफत असतं म्हणून पटवायला गेलं, की तो विचारायचा, "मग हे काय विकत देतोय का मी?" किमतीचा मुद्दा तिथेच निकालात निघायचा आणि किमतीपलीकडचा मुद्दा ऐकायला कोणी थांबायचं नाही.

ही चोरी कोणाच्या पथ्यावर पडली ते उघड आहे. बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी कम्प्युटरवाल्यांना खुलं पत्र लिहून आपल्या बेसिकच्या नकला करणाऱ्यांना चोर ठरवलं होतं. त्याच गेट्स यांनी १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात चीनबद्दल बोलताना अगदी मोकळेपणाने सांगितलं की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं. एकदा सवय लागली की पैसे वसूल करायचं पुढे बघता येईल. बावीस वर्षांत माणूस शहाणा झाला होता. आपल्या दुकानदाराने ते भाषण ऐकलं नव्हतं, पण त्याबरहुकूम वागला मात्र तोच.

मग २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ आलं आणि एमएस-सीआयटी. या अभ्यासक्रमाची टिंगल करणाऱ्या पुण्याच्या मंडळींत मला बसता येत नाही. तालुक्याच्या आणि त्याखालच्या गावांत लाखो माणसांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो त्याच्यामुळे. त्यात कन्नडला एसटीने जाणाऱ्या मुलीही होत्या आणि निवृत्तीला आलेले ग्रामसेवकही. पण त्या माऊसने जे उघडायचं ते विंडोज आणि जे शिकायचं ते मायक्रोसॉफ्टचं ऑफिस, हे गृहीतच होतं. त्याच २००१ साली केरळात आयटी ॲट स्कूल हा सरकारी प्रकल्प सुरू झाला. तिथे शिक्षक आणि चळवळीतली माणसं भांडली, आणि काही वर्षांत सरकारी माध्यमिक शाळांचे कम्प्युटर लिनक्सवर गेले. केरळातला मास्तर काही आपल्या मास्तरापेक्षा हुशार नव्हता. तिथे हा प्रश्न राजकीय आहे असं मानणारी माणसं होती, आणि आपल्याकडे तो तांत्रिक मानला गेला. तांत्रिक म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने बघायचा.

याची किंमत कशी मोजायची? पिशोरसारख्या बाजारपेठेच्या गावात डीटीपीचं दुकान म्हणजे गावाचा दप्तरखाना असतो. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका, सोसायटीचा अहवाल, निवडणुकीतली एकमेकांवरची पॅम्प्लेटं हे सगळं त्याच हार्ड डिस्कवर साठतं. अशा एका दुकानात एका निवृत्त गुरुजींनी गावाच्या आठवणींचं शंभरेक पानांचं हस्तलिखित टाइप करून घेतलं होतं. पुस्तक निघालं नाही, हस्तलिखिताला वाळवी लागली, फाइल राहिली. दुकानाचा जुना पीसी गेला. ज्या फाँटात मजकूर होता त्याच्या पॅकेजला मागच्या पोर्टात खोचायचं हार्डवेअर लॉक लागायचं, आणि ते लॉक लावायला नव्या मशीनला ते पोर्टच नाही. फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा.

हे कसं होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. त्या काळच्या फाँटांनी कम्प्युटरला देवनागरी शिकवलीच नव्हती. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीची चित्रं भरून ठेवली होती, एवढंच. कृतिदेव फाँटात 'मराठी' टाइप केलं तर फाइलीत साठतात ती ई, जे, के, थोरला बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं. श्रीलिपी, शिवाजी, सुरेख, प्रत्येकाची घरं वेगळी. फाँट आहे तोवर मराठी दिसते. फाँट गेला की ती कधी नव्हतीच. गुरुजींच्या फाइलीसाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. अक्षराला अक्षर लावणं सोपं. डोकं खातात ते ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फाँटात वेलांटी दिसते तिथे, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली. युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत ती व्यंजनानंतर यायला हवी. रफार तिकडे अक्षराच्या शेवटी, इकडे सुरुवातीला. 'वर्गात' सरळ होतो तर 'स्थिती' मोडतो, 'स्थिती' बसवावा तर 'मूर्ती' रुसते. आणि गुरुजींनी मधूनच इंग्रजीत लिहिलेली नावं प्रोग्रॅमने इमानदारीने देवनागरी समजून रूपांतरित केली, त्यांचं जे झालं ते कुठल्याच भाषेत वाचता येत नाही.

आपल्याच जिल्ह्यात हा कुलुपाचा प्रश्न सातशे वर्षं जुना आहे, म्हणून त्याच्याकडे जरा सविस्तर बघतो. चक्रधरस्वामी पैठणला राहिले, वेरूळला राहिले. त्यांच्या महानुभाव पंथाने मराठीत लिहायचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता. पंथातल्या केसोबासांनी संस्कृतात रचना करायचं मनात आणलं तर पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं, कारण साध्या बायाबापड्या त्याला मुकल्या असत्या. मुक्त ज्ञानाचं याहून स्पष्ट धोरण आजच्या कुठल्याही सरकारने लिहिलेलं नाही. आणि याच पंथाने पुढे आपले मराठी ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले! बाहेरच्यांचा वैरभाव, पाठात होणारी घुसडाघुसड, पंथातलीच दुफळी अशी कारणं सांगतात, आणि ती खोटी नाहीत. परिणाम असा की 'लीळाचरित्रा'सारखा आद्य गद्यग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मराठी समाजाला जवळजवळ ठाऊक नव्हता. राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती लिप्यांची किल्ली लागली तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास मागच्या टोकाने पुन्हा लिहावा लागला.

पैठणलाच दुसरं उदाहरण आहे. ज्ञानेश्वरीला कुलूप नव्हतं. ज्याला हवी त्याने नक्कल करावी, आणि नक्कल करताना मनात आलेली ओवी घालून टाकावी. तीनशे वर्षांत तिचे इतके पाठ झाले की एकनाथांनी प्रती ताडून शके १५०६, म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी भर घालू नये अशी ताकीदही दिली. आम्हा प्रोग्रॅमरांच्या भाषेत एकनाथ हे मेंटेनर. शेकडो फांद्या फुटलेल्या कोडमधून मूळ काय, भर कुठली, हे निवडणारा माणूस. त्यांचा परवाना मात्र स्टॉलमनना चालला नसता: नक्कल करा, बदल करू नका.

इथे कुलूपवाल्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. सांकेतिक लिपीतले महानुभाव ग्रंथ टिकले, आणि बरेच शुद्ध टिकले. उघड्या ज्ञानेश्वरीत घुसडाघुसड झाली. बंदिस्तपणाच्या बाजूने इतका भक्कम पुरावा मला कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या वकिलाने दिलेला नाही. पण तो टिकाव कुलुपामुळे नव्हता. किल्ली जिवंत माणसांकडे होती. मठामठांतून, गुरूकडून शिष्याकडे ती शेकडो वर्षं अखंड गेली, आणि ती सांभाळणं हे त्या माणसांच्या आयुष्याचं काम होतं. फाँट विकणाऱ्या कंपनीकडे महंत नसतो. तिच्याकडे आर्थिक वर्ष असतं. उत्पादन बंद होतं, कंपनी विकली जाते, लॉक दुरुस्त करणारा माणूस दुसरीकडे रुजू होतो, आणि गुरुजींच्या आठवणी ई, जे, के होऊन पडतात.

उघड्या ज्ञानेश्वरीच्या बाबतीत बिघाड झाला तसा दुरुस्तही करता आला, कारण ताडून बघायला प्रती सगळीकडे होत्या. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने मी एवढंच म्हणतो. ते पवित्र आहे, उत्तम आहे किंवा सुरक्षित आहे, असं मी म्हणत नाही. पोटासाठी मी जो कोड लिहितो त्यातला बराचसा बंदच असतो, आणि बंद कोड लिहिणाऱ्यांत माझ्याहून चांगली माणसं आहेत.

आज तुमच्या फोनवर मराठी नीट दिसते ती कोणाच्या कृपेने, याची कथा कोणी मराठीत फारशी सांगत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तिची मांडणी इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेली. पण अक्षरांना क्रमांक देऊन भागत नाही. क, हलन्त आणि ष एकत्र आले की 'क्ष' काढायचा, वेलांटी उचलून मागे न्यायची, रफार डोक्यावर बसवायचा, हे काम दुसऱ्या प्रोग्रॅमचं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत ते काम हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. नाव फारसी, ते वाढवणारा मुख्य प्रोग्रॅमर इराणी, आणि जोडाक्षरं आपली. शुद्धलेखन तपासणारं हनस्पेल हंगेरियन भाषेसाठी लिहिलं गेलं, कारण हंगेरियन शब्दांना प्रत्ययांच्या माळा लागतात. मराठीलाही लागतात, म्हणून कोणा स्वयंसेवकांनी त्यात मराठी शब्दकोश बसवला. परवानगी मागायला बुडापेस्टला पत्र पाठवावं लागलं नाही. बाजाराच्या हिशेबात मराठी ही लहान भाषा आहे. 'ॲप'मधला 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये यायला २००८ साल उजाडलं, यावरून हिशेब समजावा. अशा भाषेला दुसऱ्याने केलेलं काम उचलून आपल्या मापाचं करून घेता आलं नाही, तर ते काम तिच्यासाठी मुद्दाम करायला कोण बसलंय?

एवढं असून आमच्या गीक मंडळींना याचं सोयरसुतक नाही. टॉल्कीनच्या एल्फांच्या लिपीचा फाँट कुठून उतरवायचा हे माहीत असलेले मराठी प्रोग्रॅमर मला भेटतात. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली हे माहीत असलेला क्वचित. मला टॉल्कीनचं वावडं नाही. पण आपली गीक संस्कृती टी-शर्टासकट आयात केलेली आहे, आणि आयात करताना तिच्यातला खोडकरपणा बंदरावरच राहिला. स्टीव्हन लेव्ही यांनी 'हॅकर्स' या १९८४ च्या पुस्तकात ज्या पोरांची वर्णनं केली, ती एमआयटीतली बंद दारांची कुलपं उघडून रात्री यंत्रांशी खेळणारी पोरं होती. आपल्याकडे गीक म्हणजे ज्याला सगळे सिनेमे पाठ आहेत आणि ज्याचं पॅकेज चांगलं आहे तो.

त्या पुस्तकातलं एक तत्त्व मात्र मराठीत आधीच जगलं गेलं होतं. माणसाची परीक्षा त्याच्या कामावरून व्हावी, पदवी आणि पदावरून नव्हे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर हे नंतर उघड झालं. आद्याक्षरं उलटी फिरवली होती. केंब्रिजहून आलेल्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला परीक्षकांनी भिडेखातर पास करू नये म्हणून त्यानेच केलेली ही तजवीज. चांगल्या मुक्त प्रकल्पात टोपणनावाने आलेला पॅच असाच तपासला जातो. निदान तसा तपासला जातो असं आम्ही सांगतो. जगतापांच्या हाताशी केंब्रिजचं शिक्षण होतंच, ते नाव बदलून जात नाही. एरर मेसेज इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत, आणि घरी रिकामा वेळ व स्वतःचा कम्प्युटर असणारे ठरावीक घरांतले मुलगे. कामावरून परीक्षा घेणाऱ्यांनी परीक्षेला बसू कोण शकलं तेही विचारावं. स्वतः स्टॉलमन २०१९ साली आपल्या वक्तव्यांमुळे एमआयटी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या पदांवरून गेले, २०२१ मध्ये फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परतले, आणि त्यांच्या भक्तांनी नि विरोधकांनी तेव्हा जो धुरळा उडवला त्यावरून बुवाबाजी ही काही आपलीच मक्तेदारी नाही एवढं समजलं.

नारळीकरांच्या विज्ञानकथेवर माझं मन जडलेलं आहे. 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचून पानिपत जिंकलेला महाराष्ट्र डोक्यात घेऊन फिरलेली पिढी ती आमची. त्यामुळे तक्रार करतो ती घरचा माणूस म्हणून. मराठी विज्ञानकथा विज्ञान परिषदेच्या अंगणात वाढली, आणि प्रबोधन हे तिचं पहिलं कर्तव्य ठरलं. नायक बहुधा शास्त्रज्ञ, संकट परग्रहावरून किंवा प्रयोगशाळेतून, आणि शेवटी विज्ञान शाप की वरदान हा निबंधाचा विषय. यंत्र कोणाच्या मालकीचं आहे, ते बंद करायचा अधिकार कोणाला आहे, हे विचारायला त्या कथांत कोणी वकील, व्यापारी, शेतकरी सहसा नसतो. स्टॉलमन यांनी तो प्रश्न विचारायला विज्ञानकथाच निवडली, हे आपल्याकडे फारसं माहीत नाही. 'द राइट टू रीड' ही त्यांची कथा फेब्रुवारी १९९७ मध्ये एका कम्प्युटरविषयक नियतकालिकात आली. तिच्यातल्या विद्यार्थ्यापुढे पेच असा, की मैत्रिणीला आपला कम्प्युटर वापरायला दिला तर ती त्याची पुस्तकं वाचेल, आणि दुसऱ्याचं पुस्तक वाचणं हा गुन्हा आहे. साहित्य म्हणून कथा बेतास बात. पण बारा वर्षांनी, जुलै २००९ मध्ये, ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून ग्राहकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली, आणि त्यांत ऑर्वेलचं 'नाइन्टीन एटी-फोर' होतं. असा योग कथेत घातला असता तर संपादकाने फार ओढूनताणून आणलाय म्हणून साभार परत पाठवला असता.

मला पिशोरच्या शिवारातली कथा वाचायची आहे. साल २०४५, अद्रकाला पाणी द्यायचं आहे, ठिबकच्या व्हॉल्व्हची वार्षिक वर्गणी भरायची राहिली, विहिरीत पाणी आहे आणि व्हॉल्व्ह उघडत नाही. शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या खात्यावरून पाणी सोडावं तर कराराचा भंग, आणि तो भाऊबंद असल्यामुळे तसाही सोडणार नाही. यात परग्रह नको, शास्त्रज्ञही नको. अमेरिकेतले शेतकरी ट्रॅक्टरमधल्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी कोर्टात आणि विधिमंडळांत भांडतच आहेत.

अशा कुलपाची सुरुवात आपल्याकडे फोनपासून झाली आहे. गावात ज्याच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे त्याच्या खिशात लिनक्स आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा मुक्त कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, पिशोरच्या बाजारात पोचला, एवढा मोठा विजय आम्ही स्वप्नातही बघितला नव्हता, आणि त्या विजयाचा गावकऱ्याला काहीही उपयोग नाही. कर्नल मुक्त, पण फोन बनवणाऱ्याने तो बदलायची वाट बंद केलेली. त्यावरची बहुतेक ॲपं कुलूपबंद. ही पळवाट बुजवणारी, मुक्त सॉफ्टवेअरच्या जीपीएल परवान्याची तिसरी आवृत्ती २००७ साली आली. टॉरवाल्ड्सनी कर्नलला ती लावायचं नाकारलं. त्यांची कारणं समजतात, पटत नाहीत.

त्याच फोनवर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद पूर्वी तलाठी करायचा, आता शेतकरी बांधावर उभा राहून फोनमधून फोटो काढून करतो. कल्पना चांगली आहे. तलाठ्याने चावडीत बसून भरलेले पीकपेरे ज्यांनी पाहिलेत त्यांना ती जास्तच चांगली वाटेल. पण आता नियम कायद्याच्या पुस्तकात कमी आणि प्रोग्रॅममध्ये जास्त आहे. गटाच्या हद्दीपासून किती लांब उभं राहिलं तर नोंद नाकारायची, मिश्रपीक कसं धरायचं, यादीत नसलेलं पीक कुठे घालायचं, हे कोणीतरी कोडच्या ओळींत ठरवतं. नुकसानभरपाईच्या वेळी त्या नोंदीवर शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून असतं. जी ओळ त्याला अपात्र ठरवू शकते ती ओळ बघायचा त्याला हक्क हवा. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा देशाच्या आधी, २००२ साली केला. केंद्राचा २००५ चा. शासननिर्णय मागता येतो, तर त्याची अंमलबजावणी करणारा कोड का मागता येऊ नये? अशक्य काही नाही. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरायचं केंद्राचं धोरण २०१५ पासून कागदावर आहे, आणि 'आरोग्य सेतू'चा कोड टीकेनंतर मे २०२० मध्ये खुला केलाच की.

यावर हमखास येणारा आक्षेप: तो कोड वाचणार कोण? आक्षेप खरा आहे. ओपनएसएसएल हे निम्म्या इंटरनेटला कुलूप पुरवणारं मुक्त सॉफ्टवेअर. त्यातली हार्टब्लीड नावाची भयंकर चूक दोन वर्षं उघड्यावर पडून होती, २०१४ मध्ये सापडेपर्यंत कोणी वाचली नव्हती. दहा हजार डोळे बघतायत ही आमची आवडती समजूत त्या दिवशी निकालात निघाली. उलट मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं. तो खोदत गेला, आणि एक्सझेड नावाच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये कोणी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून बेमालूम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. इंजिनिअर नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होता, हेही नमूद करायला हवं. कोड बंद असता तर त्याला अर्धा सेकंद खटकला असता आणि त्याने चहा घेतला असता.

ई-पीक पाहणीचा कोड खुला झाला तर पहिल्या वर्षी तो कोणीही वाचणार नाही, हे मी लिहून देतो. दुसऱ्या वर्षी संभाजीनगरच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजातली, कन्नडकडची एखादी मुलगी तो शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला घेईल, कारण बाजारात तयार प्रोजेक्ट विकत मिळतात त्यांपेक्षा तो स्वस्त पडेल. तिच्या वडिलांचा मका आदल्या खरिपात नोंदला गेलेला नसेल, तर ती तो जरा लक्ष देऊन वाचेल.